चावी मॅडमजवळ असते

मे महिन्यात राळेगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, अन् अशा दिवसांत बबिताची सात वर्षांची सुरभी पाणी प्यायला तयार नव्हती. सकाळी ग्लास पुढं केला की ती ओठ मिटून घ्यायची. संध्याकाळी मात्र दप्तर टाकायच्या आधी माठाकडं धावायची अन् उभ्याउभ्या दोन-तीन ग्लास रिचवायची. बबिताला वाटलं, पोरीचे नखरे असतील.

बबिता एसटीत कंडक्टर होती. लग्नसराईमुळं जादा गाड्या सुटलेल्या, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. नवरा अमर राजूरला कोळशाच्या खाणीवर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. एरवी पोरीकडं बघणाऱ्या शेजारच्या जमनाबाई सुट्टीभर लेकीकडं गेल्या होत्या. म्हणून शाळेला सुट्टी लागल्याबरोबर बबितानं सुरभीला फुलपंखी सुट्टी क्लबात घातलं. गावातल्याच एका खाजगी शाळेच्या इमारतीत काळमेघ मॅडम तो चालवत. पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. डोक्यावर कागदी मुकुट घातलेली पोरं, रंगानं माखलेले हात, गोल करून नाचणं. घाटंजीच्या स्टँडवर गाडी लागली की बबिता मोबाइल काढून ड्रायव्हर लखीरामभाऊंना दाखवायची. "पाहा भाऊ, हे माई सुरभी." तिला बरं वाटायचं. घरात कोंडून ठेवण्यापेक्षा पोरगी चार गोष्टी शिकून राह्यली, एवढं समाधान तिला पुरे होतं.

मग एका रविवारी सुरभीला ताप भरला. न्हाणीघरात गेली अन् किंचाळली. "आई, जळते! लय जळते!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून घेतली. इन्फेक्शन होतं. "ही दिवसभर लघवी धरून ठेवते. पाणीही पीत नसणार," त्या म्हणाल्या अन् चष्म्यावरून बबिताकडं पाहत राहिल्या. त्या नजरेनं बबिताचे कान तापले.

घरी आल्यावर तिनं पोरीला मांडीवर घेतलं. "काहून वं, बाई? सू लागली तं जात काहून नाईस?"

"कुलूप असते."

"कायले कुलूप?"

"संडासले. जेवणाच्या आधी एकदा उघडते. मंग नाई. चावी मॅडमजवळ असते." सुरभी आईच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. "पाणी पेलं की सू लागते. मंग मी पेतच नाई."

बबिताला स्वतःचंच आठवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तीही हेच शिकली होती. स्टँडवरच्या मुताऱ्यांत पाय ठेववत नाही, आडगावी तर त्याही नाहीत. म्हणून ड्युटीवर निघताना ती पाण्याचा घोटही घेत नसे. पण ती मोठी बाई होती, अन् पोटासाठी करत होती.

दुसऱ्या दिवशी सुरभीला तिनं पुढच्या गल्लीतल्या बाईकडं दोन-चार दिवसांपुरतं कसंबसं ठेवलं. सकाळची फेरी संपवून, युनिफॉर्म न बदलता, ती भर उन्हात क्लबाकडं गेली. फाटकावर कोणी नव्हतं. ऑफिसात कूलर चालू होता अन् समोरची खुर्ची रिकामी होती.

पोरं मागच्या खोलीत होती. टिनाच्या छताखाली चाळीसेक पोरं बाकांवर डोकी टेकवून बसलेली, प्रत्येकाचं बोट ओठांवर. भिंतीवरच्या टीव्हीत कार्टून चाललेलं, आवाज बंद. पंखा गरम हवाच ढकलत होता. कपाटावर सकाळचे कागदी मुकुट एकात एक घालून ठेवले होते. फोटो झाला की ते काढून घ्यायचे, हे बबिताला न सांगता कळलं. पहिल्या बाकावरच्या एका लहान पोरीचा फ्रॉक मागून ओला होता अन् ती हलत नव्हती, कोणाला दिसू नये म्हणून.

पोरांवर लक्ष ठेवायला एकटी वैष्णवी होती. नुकतीच बारावी झालेली, घामानं केस कपाळाला चिकटलेली. बबिताला पाहून ती दचकून उठली. "ताई, असं मधातच येऊ देत नाई मॅडम."

"संडास कुठी आहे?"

वैष्णवीनं हातानं दाखवलं. दाराला मोठं पितळी कुलूप होतं.

"उघड."

"चावी मॅडमजवळ असते, ताई. मी मागितली होती दोनदा. मॅडम म्हणे, टँकरचं पाणी येते, पोट्टे नासधूस करतात, तुलेच धुवा लागन."

तेवढ्यात काळमेघ मॅडम आल्या. शिस्तीतल्या बाई, गळ्यात ओळखपत्र. "काय झालं, सुरभीची आई? तुम्ही ऑफिसात बसायला हवं होतं."

"माया पोरीले इन्फेक्शन झालं, मॅडम. तुमी संडासले कुलूप लावता."

"हे बघा, इतकी मुलं आहेत. एकाला सोडलं की दहा उठतात. मुलांना सवय लावावी लागते. अन् बाकी कोणाची तक्रार नाही, तुमच्याच मुलीला त्रास कसा झाला? घरी स्वच्छता ठेवता ना?"

शेवटचं वाक्य बबिताच्या काळजात रुतलं. गाडीत दारुड्यांना खाली उतरवणारी ही बाई, पण त्या क्षणी ती तशीच परत फिरली.

संध्याकाळी तिनं ग्रुपवर सगळं लिहिलं. कुलूप, गरम खोली, ओला फ्रॉक, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. मेसेजखाली निळ्या खुणा उमटल्या. कोणी काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं क्लबातल्याच पियुषच्या आईचा फोन आला. ती तहसीलच्या कँटीनमध्ये कामाला होती.

"ताई, तो मेसेज काढून टाका बाप्पा."

"काहून? खोटं आहे का?"

"खोटं कुठी म्हणतो मी? सगळ्यायले मालूम आहे. आमी तं पियुषले सकाळपासून पाणीच देत नाई. पयले चार दिवस रडला, आता सवय झाली. बादलची आई तं त्याले मोठ्या पोरायचं डायपर घालून धाडते. क्लब बंद पडला तं आमचे पोट्टे कुठी ठेवाचे, सांगा? तुमी ठेवता?"

बबितानं फोन ठेवला. काळमेघ मॅडमचा तिला इतका राग आला नव्हता जितका आता आला. पण कोणाचा, ते तिला धड सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. संडासाचं उघडं दार, नवी बादली, नवा मग. खाली मॅडमनी लिहिलं होतं, निष्काळजी कर्मचारी कामावरून काढण्यात आली आहे. पालकांनी वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पाडला. त्यानंतर मॅडमनी सुरभीची जागा दुसऱ्याला दिल्याचं कळवलं.

आठवडाभर बबितानं पोरीला गाडीत नेलं. सुरभी कंडक्टरच्या सीटवर बसून तापल्या खिडकीला डोकं टेकवायची. एके दिवशी गाडीत क्लबातून काढलेली वैष्णवी चढली. तिनं तिकीट मागितलं. बबितानं दिलं. खूप पुढं गेल्यावर वैष्णवीच म्हणाली, "ताई, मी फ्रॉक बदलून देत होती पोरीयचे. माया घरून आणून." बबिताला तिच्याकडं पाहवलं नाही.

मग डेपोत कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी बोलावून तोंडी ताकीद दिली, ड्युटीवर लेकरू दिसलं तर पुढं कारवाई. अमर फोनवर म्हणाला, "मले तं सुट्टी भेटत नाई. तूच पाह्य काय ते." जमनाबाई अजून आल्या नव्हत्या.

बबिता सुरभीला घेऊन, परत जागा मागायला मॅडमकडं गेली. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं, अगदी गोड बोलल्या. "गैरसमज होतात. मी मनात ठेवत नाही. फक्त एक करा, ग्रुपसाठी दोन शब्द बोला. लोकांचा विश्वास बसतो."

त्यांनी मोबाइल समोर धरला. सुरभीला बाजूला उभं केलं. बबिता बोलली, शाळेत भाषण करताना बोलायची तशा स्वच्छ मराठीत. "माझी मुलगी इथं खूप आनंदात आहे. इथं मुलांची चांगली काळजी घेतात."

"छान. फक्त जरा हसून परत घेऊ या का?"

सुरभी आईच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती. बबितानं युनिफॉर्मची बाही ओढून घाम पुसला, अन् दुसऱ्यांदा हसून बोलली.