शनिवारचा पहिला घोट

शनिवारी साडेअकराला थ्री शटल्स पबचं दार उघडायचं आणि पहिला अर्धा पाईंट माझ्या बाबांचा असायचा. ते ग्लास खिडकीच्या उजेडात धरत, नाक आत घालत, एक घोट जिभेवर फिरवत आणि मग पब चालवणाऱ्या ग्लेंडाकडे बघून मान हलवत. तेवढ्यावर तिचे पुढचे दोन-तीन दिवस निघत.

हा रिवाज तिचा नवरा रॉय गेल्यापासूनचा. तळघरातलं सगळं रॉय बघायचा. पिंपातली एल, ही जुन्या पद्धतीची बियर, जिवंत असते, गॅस भरलेल्या बियरसारखी महिना महिना पडून राहत नाही. नळ बसवला की तीन दिवस, फार थंडी असली तर चार, नंतर ती आंबायला लागते. पिंप कधी फोडायचं आणि कधी ओतून द्यायचं हे रॉय स्वतःच्या जिभेवर ठरवायचा. ग्लेंडा मात्र चॅपलवाल्या, दारू वर्ज्य असलेल्या घरात वाढलेली. पंचवीस वर्षं पब चालवला, पण थेंब ओठाला लावला नाही. रॉयला पुरून आल्यावर, अंगावर काळा कोट तसाच असताना, तिनं बाबांना विचारलं होतं, "डेस, तू चाखशील का?"

विचारायला दुसरं माणूस नव्हतंच. बाबा म्हणजे डेसमंड थॅकरी, निवृत्त पोस्टमन, आमच्या दरीतल्या एल पिणाऱ्यांच्या मंडळात तीस वर्षं एलला गुण देत आलेले. शून्य ते पाच, मध्ये अर्धे-अर्धे. शिवाय पबच्या माहोलाचे वेगळे. दरसाल निघणाऱ्या चांगल्या पबांच्या पुस्तकात कुठला पब राहील आणि कुठला जाईल हे बऱ्याच अंशी त्यांच्या वहीवरून ठरायचं. मी लहान असताना ते मला नव्या पबात नेत आणि म्हणत, "नेल, आधी दहा मिनिटं बोलायचं नाही. लोक कसे बसलेत ते बघ. उठताना ग्लासात काय ठेवून जातात ते बघ."

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी गाडी चालवत होते, कारण बाबांना दुपारभरात तीन पब करायचे होते. माझी लेक मेबल चार महिन्यांची. तिला मी छातीशी बांधून घेतलं होतं, आणि ती माझ्या कोटात तोंड खुपसून झोपली होती. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. आत शेगडी पेटलेली, आणि माणसं मोजून चार, त्यातला एक पलीकडच्या कोपऱ्यात एकटाच. एरवी शनिवारी या वेळी बसायला जागा शोधावी लागायची.

"काय गं पोरी," एर्नी हर्स्ट त्याच्या कोपऱ्यातून म्हणाला, "थॅकरींची तिसरी पिढी घेऊन आलीस? तिलाही एक वही दे म्हणजे झालं."

"तिचं अजून दुधावर चाललंय, एर्नी."

"माझ्या कुत्र्याचंही तेच. तरी मत असतं त्याला."

ग्लेंडानं पंपाचा दांडा सावकाश दोनदा ओढला आणि अर्धा पाईंट आमच्या मेजावर आणून बाबांसमोर ठेवला. रंग सुरेख होता, मधासारखा, आरपार दिसणारा. फेस काठाला धरून होता. बाबांनी खिडकीकडे धरून बघितलं, हुंगलं, घोट घेतला, मान हलवली. ग्लेंडाचे खांदे जरा खाली आले. बाबांनी वही काढून चार लिहिले.

मेबलच्या आधीपासून मी एल घेतलेली नव्हती. एका घोटानं काय होतंय, म्हणून मी बाबांच्या हातातून ग्लास घेतला. तो ओठापर्यंत यायच्या आधीच वास आला. व्हिनेगरचा. चिप्सच्या दुकानातून व्हिनेगर शिंपडलेलं कागदाचं पुडकं घेऊन बाहेर पडावं तसा.

मी तरी घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडा आखडल्या.

पहिल्यांदा वाटलं, माझंच काहीतरी आहे. बाळ झाल्यापासून मला साबणाचाही वास वेगळा येतो. म्हणून मी बाबांनी शिकवलं होतं ते केलं, ग्लास बघितले. एर्नीचा अर्ध्याहून जास्त भरलेला आणि बाजूला सारलेला. खिडकीजवळचं जोडपं कोट घालून निघालं होतं, त्यांच्या मेजावर दोन ग्लास, दोन्हींत निम्मी एल. मोकळ्या मेजावर आणखी एक तसाच.

"बाबा," मी हळू आवाजात म्हटलं, "ही गेलीय."

"कुठे गेलीय?"

"आंबलीय. वास घ्या ना."

"घेतला की." त्यांनी वही मिटली. त्यांचा चेहरा ग्लासाकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता. आणि मला एकेक दिसायला लागलं. सप्टेंबरात त्यांना दहा दिवस ताप आला होता, तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीवर मोहरीची चटणी थापत होते. परवा टोस्ट जळून स्वयंपाकघर धुरानं भरलं तेव्हा ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी धावत आले तर म्हणाले, "काय झालं?"

"तुम्हाला वास येत नाहीये."

"नेल, हळू."

"कधीपासून?"

"हळू म्हटलं ना."

ग्लेंडा शेगडीत कोळसे घालून आमच्याच मेजाशी आली आणि खुर्ची ओढून बसली. ती कधी बसत नसे. हात ॲप्रनला पुसत म्हणाली, "डेस, तुला आधी सांगते, मग बाकीच्यांना. मी लीज सोडतेय. पबच्या मालकाला, ब्रुअरीला, पत्र लिहून ठेवलंय, सोमवारी टाकणार."

बाबांनी वहीला रबर लावलं.

"काय चुकतंय तेच कळत नाही रे. टीव्ही काढला, कोणाला तो नको होता म्हणून. संडास रंगवला. शुक्रवारी डॉमिनोचा खेळ परत सुरू केला, सहा जण आले. मटणाच्या पाई रोज ताज्या आणते, तरी संध्याकाळी उरतात." तिनं बोटानं मेजावरचा ओला गोल पुसला. "एल चांगली आहे, तेवढा एक आधार. नाहीतर म्हटलं असतं की रॉयनं उभं केलेलं माझ्या हातात बिघडलं. पण तू आहेस. पूर्वी पिंप तीन दिवसांत संपायचं, आता सहा-सहा दिवस चालवते, तरी तू म्हणतोस चांगली आहे, म्हणजे आहे."

सहा दिवस. मी बाबांकडे बघितलं. त्यांची बोटं वहीच्या रबराशी खेळत होती. मी वाट बघत होते. ते बोलतील असं मला अगदी खरं वाटत होतं.

"अजून महिनाभर बघ की," ते म्हणाले. "वसंत आला की लोक येतील."

मी उठले. एका हातानं मेबलचं डोकं धरलं, दुसऱ्या हातात ग्लास घेतला आणि बारच्या फळीवर नेऊन ठेवला. आमच्याकडे एल परत करायची ती अशीच, आरडाओरडा न करता. पबवाला चाखतो, बदलून देतो, विषय संपतो. "ग्लेंडा," मी म्हटलं, "ही आंबलीय."

एर्नीच्या पायाशी झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा डोकं वर केलं. ग्लेंडा खुर्चीवरून अर्धवट उठली. तिनं ग्लासाकडे बघितलं नाही, बघून तिला कळणारही नव्हतं. तिनं बाबांकडे बघितलं.

"डेस?"

बाबांनी टोपी सारखी केली. "तिचं मनावर घेऊ नकोस. बाळंतपणानंतर चव फिरते बायकांची. तिची आई तर सहा महिने चहा नासलाय म्हणायची."

एर्नी खुसखुसला. ग्लेंडा माझ्याकडे बघून मायेनं हसली. "बस हो पोरी. दूध देऊ का गरम करून?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बाहेर पडले. गाडीत बसून काचा वर केल्या. मेबल जागी झाली होती. तिला पाजायला घेतलं. ती पीत असताना तिचा हात माझ्या गळ्यावर उघडत होता, मिटत होता. समोरच्या काचेवर ओला बर्फ साचला आणि पब दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. बाबा आत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सप्टेंबरपासून," ते म्हणाले. "आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल."

मी मेबलला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"ही झाली त्या दिवशी हॉस्पिटलात तू म्हणालीस, बाबा, हिच्या टाळूचा वास घ्या. मी घेतला. काच हुंगावी तसं झालं."

"तुम्ही म्हणालात, ताज्या पावासारखा येतो."

"तू झालीस तेव्हा तुझा यायचा तसा. तेच सांगितलं." त्यांनी हातमोजा काढून मेबलच्या पायावर बोट ठेवलं, मोजा वर ओढला. "एलचंही तसंच करतो. रंग बघतो, फेस बघतो, मग गेल्या वर्षी कशी लागायची ते आठवतो. आठवणीत ती उत्तम आहे, नेल. रॉयच्या वेळची तर काय सांगू."

"म्हणजे तुम्ही तिला गेल्या वर्षाचे गुण देताय."

"हो."

"आणि लोक ह्या आठवड्याची पितायत."

मेबलनं तोंड सोडलं, मी तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत राहिले.

"आत माझ्यामुळे लाज वाटली का तुला?" त्यांनी विचारलं.

"आईला मध्ये आणायला नको होतं."

"नको होतं." ते काचेकडे बघत होते. "आठ वर्षं ती बाई शनिवारी माझ्या मानेकडे बघत उभी राहते. घरी मी काय करतो? रेडिओ. बागेतली कांदापात. मंडळातले लोक वहीसाठी मान देतात. वही गेली की मी कोण, एक म्हातारा पोस्टमन, शनिवारी अर्धा पाईंट घेणारा."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातला कुठला खरा ते कळेना. खोटं का बोलू, एक विचार मनात येऊन गेला. मी दर शनिवारी येईन, गुपचूप घोट घेईन, मेजाखालून त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी गुण सांगेन. कोणाला काही कळणार नाही. मी ते बोलायला तोंडही उघडलं. पण खांद्यावर मेबलनं ढेकर दिली, कोटावर दूध सांडलं, आणि मी फडकं शोधत बसले. तेवढ्यात ते बोलायचं राहून गेलं.

"सोमवारी ती पत्र टाकेल," मी म्हटलं. "मी सांगून उपयोग नाही. माझं कोणी खरं मानणार नाही, तशी सोय तुम्हीच करून ठेवलीय."

त्यांनी टोपी काढून समोर ठेवली. मग दार उघडून उतरले. टोपी गाडीतच राहिली. मी मेबलला परत बांधलं आणि मागोमाग गेले.

मी दारात पोचले तोवर ते बोलून मोकळे झाले होते. ग्लेंडा फळीच्या पलीकडे दोन्ही हात टेकून उभी होती. बाबांच्या टकलावर बर्फाचं पाणी होतं.

"सप्टेंबरपासून?" ती म्हणाली.

"हो."

"नाताळची काळी एल?"

"माहीत नाही, ग्लेंडा. चांगली असेल, वाईट असेल. मला काहीच लागत नव्हतं."

तिनं मान एर्नीकडे वळवली. "आणि तू? तुला कळत होतं?"

एर्नीनं ग्लास आणखी थोडा दूर सारला. "डेसनं पास केलेली होती. मला वाटलं, माझे नवे दात आहेत."

"तोंड नव्हतं तुला सांगायला?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून तुम्ही सगळे एकेक करून खाली त्या पॅकहॉर्स पबात गेलात. मला वाईट वाटू नये म्हणून." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि मी संडास रंगवत बसले."

बाबांनी वही काढून फळीवर ठेवली. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. ग्लेंडानं ती हातातही घेतली नाही, फडक्यानं बाजूला सारली, पुसताना मध्ये आलेली वस्तू सारावी तशी. मग तिनं पहिल्या पंपावरचा एलच्या नावाचा बिल्ला फिरवून त्याची पाठ आमच्याकडे केली. तसं केलं की ती एल आज नाही.

"नेल, इकडे ये."

तिनं दुसऱ्या पंपातून बोटभर एल ओढली आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मी पाजतेय. ती म्हणाली, "गिळू नकोस. थुंकायला बादली आहे." मी हुंगलं, जिभेवर घेतलं, थुंकले.

"गेलीय," मी म्हटलं.

ग्लेंडानं दुसरा बिल्ला उलटा केला. राहिला तिसरा पंप, गर्द रंगाच्या एलचा, तिचं पिंप कालच फोडलेलं. तिचा हात दांड्यावर होता. तिनं जरा जोरातच ओढलं, आणि फेस ग्लासाच्या बाहेर आला.

मी ग्लास उचलला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ग्लेंडा, एर्नी, पलीकडच्या कोपऱ्यातला तो एकटा माणूस. बाबा फळीपासून दोन पावलं मागे सरकले होते, एर्नीच्या शेजारी, हात कोटाच्या खिशात घालून. इतर गिऱ्हाइकांसारखेच तेही मी काय म्हणते याची वाट बघत होते.