चौतीसपैकी चौतीस

“अभ्यासक्रम प्रतिनिधीपदाची निवडणूक गुप्त मतदान पद्धतीने, खुल्या व निर्भय वातावरणात पार पडली असून कु. पूर्वा बाबुराव ओव्हाळ या चौतीसपैकी चौतीस मते मिळवून विजयी झाल्या आहेत.”

सूचनाफलकावरचे हे वाक्य पूर्वाने तीनदा वाचले. पहिल्यांदा तिला आनंद झाला, दुसऱ्यांदा संकोच वाटला आणि तिसऱ्यांदा ती मोजू लागली. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या पटावर नावे चौतीसच होती, हे खरे. परंतु त्यांतली नीरजा जुलैतच नोकरी लागून नाशिकला गेली होती. पटावरून तिचे नाव काढायचे तेवढे राहिले होते. म्हणजे ती नाशिकहून येऊन, कुणालाही न भेटता मत देऊन परतली असावी. नाहीतर तिचे मत तिच्यावाचून पडले असावे. मतदान गुप्त होते, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात गोळा झाल्या, डबा विभागप्रमुख डॉ. अनंत दामले यांच्या खोलीत गेला आणि तिथे काय मोजले गेले, ते गुप्तच राहिले.

तिच्याविरुद्ध उभा राहिलेला एकमेव उमेदवार आमोद फलकापाशी येऊन थांबला. शुल्कवाढीबद्दल लेखी प्रश्न विचारल्यापासून दामले सर त्याला ‘आमचे विरोधी पक्षनेते’ म्हणत.

“अभिनंदन, मॅडम. मीसुद्धा तुम्हालाच मत दिलं म्हणे.”

“दिलंस का?”

“मी काय येडा आहे? स्वतः उभा राहून दुसऱ्याला मत देऊ?”

हरलेला माणूस असेच बोलणार, असे तिने स्वतःला बजावले. पण नाशिकच्या मताचे स्पष्टीकरण तेवढ्याने मिळेना.

ती उभी राहिली होती एका कुलपासाठी. उमेदवारी अर्ज तिने ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरला होता. सकाळचे तास संपले की ती कोथरूडच्या एका शिकवणी वर्गात दुपारभर प्रवेश अर्ज भरून घेई आणि साडेचारला बस धरून विभागात परत येई. ग्रंथालयाला कुलूप पाचला लागे. तिच्यासारखे नोकरी करणारे अकराजण होते. ग्रंथालय चालवण्याचे शास्त्र शिकत होते आणि ग्रंथालयाचे दार बंदच पाहत होते. वाचनकक्ष आठपर्यंत उघडा राहावा, एवढाच तिचा जाहीरनामा.

बाबुरावांनी मार्केट यार्डात तीस वर्षे पोती वाहिली होती. मुलगी निवडून आली, ही बातमी त्यांनी विहारात सांगितली, पेढेही वाटले. आकडा मात्र त्यांना संध्याकाळी कळला, तेव्हा हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

“सगळ्यांनी दिली? आमच्या युनियनमध्ये सगळ्यांचे हात एकदम वर गेले, की आम्ही आधी दाराला कडी कुणी घातलीय ते बघायचो.”

कडी आठवड्याभरात दिसली. मूल्यांकन समिती येणार म्हणून दामले सरांनी तिला खोलीत बोलावले, बसायला सांगितले, चहा मागवला. तुमच्यासारख्यांनी पुढे यायलाच हवे, असे ते म्हणाले. तुमच्यासारखे म्हणजे कसे, हे त्यांनी सांगितले नाही आणि तिला ते विचारावे लागले नाही. मग त्यांनी एक फाइल पुढे सरकवली. अभ्यास समितीच्या सभांची इतिवृत्ते होती. प्रत्येकाखाली विद्यार्थी प्रतिनिधीच्या सहीची जागा रिकामी होती.

अकरा जुलैच्या सभेच्या इतिवृत्तात लिहिले होते : ‘ग्रंथालयाची सध्याची वेळ विद्यार्थ्यांच्या सोयीची असल्याचे मत प्रतिनिधी कु. पूर्वा ओव्हाळ यांनी नोंदवले.’

“सर, या सभेला मी नव्हते. जुलैत तर प्रतिनिधीच नव्हता.”

“सभेला कोण होतं, हे इतिवृत्त सांगतं.” आवाजात कमालीचा जिव्हाळा होता. “तुमचा वाचनकक्षाचा विषय पुढच्या सभेत नक्की घेऊ. आधी मागच्या सभा तर होऊ देत.”

व्यवहार स्पष्ट होता. एक सही, आणि कदाचित अकराजणांना दिवसाचे तीन तास. वाचून देते, असे म्हणून तिने फाइल बाहेरच्या बाकावर नेली. निवडणूक दोन सप्टेंबरची. तेव्हा तिचे नाव निकालानंतर मागच्या तारखेच्या कागदावर घातले असणार, हा तिचा तर्क. खोटेपणाची ही कार्यालयीन जात तिला ओळखीची होती. मग तिने कागद उलटला. पुस्तक हाती आले की शीर्षकपानाची मागची बाजू आधी बघा, हे या विभागात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शिकवतात दामले सरच.

मागे निळा शिक्का होता : आवक, नऊ ऑगस्ट.

विभागाचे लिपिक श्रीधर आपल्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर, पुढची बाजू स्वच्छ राहावी म्हणून, त्या दिवसाचा शिक्का मारत. तिने त्यांच्यापुढे कागद धरला आणि हा शिक्का खरोखर नऊ ऑगस्टलाच मारला का, असे विचारले.

“मी शिक्का मारतो, वाचत नाही,” चष्म्यावरून बघत ते म्हणाले. “वाचत असतो, तर इतकी वर्षं नोकरी झाली असती का? तारीख मात्र माझी कधी चुकलेली नाही.”

म्हणजे ती निवडून येण्याच्या चोवीस दिवस आधीच प्रतिनिधी झाली होती, आणि ज्यासाठी उभी राहिली होती त्याच्याविरुद्ध मतही देऊन बसली होती. तिने दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि फाइल सहीविना परत केली. अर्ज लिहायला तिला दोन दिवस लागले. तक्रार खरी ठरली तर सर्वांत आधी तिचेच पद जाणार होते, आणि विहारातली माणसे अजून बाबुरावांचे अभिनंदन करत होती. तिसऱ्या दिवशी तिने अर्ज अधिष्ठात्यांच्या कार्यालयात दिला. साक्षीदार म्हणून आमोदने सही केली. विजयी उमेदवाराच्या बाजूने आपण प्रथमच उभे राहतोय, असे म्हणाला.

चौकशी झाली. निवडणूक रद्द ठरली. नवी ‘यथावकाश’ घेण्याचे ठरले. फलकावरून तिचे नाव उतरले. ग्रंथालय पाचलाच बंद होत राहिले. वर्गातल्या काहीजणांनी तिच्याशी बोलणे कमी केले. निवडून आलेल्या माणसाने निवडणुकीवर शंका घ्यावी, हे त्यांना संशयास्पद वाटले.

महिन्याने दामले सरांच्या लेखी खुलाशाची प्रत घरी आली. बाबुराव पाय दुमडून बसले आणि “मोठ्यानं वाच” म्हणाले. पूर्वाने आवाज न चढवता, एकही शब्द न गाळता वाचले :

“सदर विद्यार्थिनीचे नाव मी मतदानापूर्वीच निश्चित केले होते. तिची घरची पार्श्वभूमी पाहता ती प्रश्न विचारणार नाही व दाखविलेल्या जागी सही करील, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.”