झुंबरबाईंचा थर्मास

मित्रांनो, फळीवर डब्यांच्या मागे उभा असलेला, लाल-काळ्या चौकटींचा जुना थर्मास तो मीच. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात माझ्या पत्र्याच्या अंगात काचेचे पोट बसवले आणि मला दुकानात पाठवले. तिथे एका शनिवारी देवळाली प्रवऱ्याचे आसाराम फिटर आले.

साखर कारखान्याने त्यांना नवे यंत्र शिकायला तिकडे पाठवले होते. शिकणे संपले होते. परत निघण्याआधी ते लेस्टर शहरात आपल्या मेहुण्याकडे, गहिनीनाथकडे, दोन दिवस राहायला आले होते. दोघांच्या हातांत पिशव्या होत्या. भावाला दाढीचे सामान, बहिणींना साड्या, भाच्यांना पेने, कारखान्यातल्या साहेबांना टाय.

"दाजी, समदं गाव झालं. आमच्या आक्काला काय घेतलं?" गहिनीनाथने विचारले.

आसाराम थबकले. "तिनं काय मागितलंच न्हाई."

"ती मागनार व्हय? लगीन झाल्यापासनं तिनं नुस्तं मीठ मागितलं असंल. तेबी तुमच्या भाजीत टाकायला."

आसाराम हसले नाहीत.

"आक्काला चहा कढत लागतो, दाजी. माहेरी चुलीपुढनं उठायची न्हाई. तुमच्याकडं समद्यांचं हून तिच्यापातूर येईस्तवर गार."

आसारामांनी मला उचलले. "ह्यो तिचा. ह्यातला चहा दुसऱ्या कुनाला न्हाई."

गावी सगळी भावकी बघायला जमली. बाहेरगावाहून आलेल्याने प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवायचे, ही रीत. ते झाल्यावर मला कुंकू लावून देवापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी आक्काने, म्हणजे आसारामांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, माझ्यातला चहा फुंकर घालून घालून प्यायला. मी इतका आनंद पुन्हा कधी पाहिला नाही.

तो आठवडाभरही टिकला नाही. शेजारच्या मालनबाईच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

"भावजी, थर्मास द्या की. पाव्हन्यांपुढं ठिवला म्हंजी वजन पडतं."

नाही म्हटले असते, तर 'विलायतेला काय गेला, माजला' असे लोक म्हणाले असते. आसारामांनी स्वतः मला तिच्या हातात दिले. मग मी आळीतल्या प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमाला जाऊ लागलो. लोक माझी चौकट न्याहाळत. मित्रांनो, खरे सांगतो, मला ते आवडू लागले. मी कोणाचा आहे हे मी विसरलो.

पुढल्या हिवाळ्यात झुंबरबाई आजारी पडल्या. त्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवले. एका सकाळी त्या म्हणाल्या, "वाईच कढत चहा मिळाला तर बघा." आसाराम मला न्यायला एस.टी.ने घरी आले. मी घरात नव्हतो. मालनबाईच्या धाकटीला बघायला पाहुणे आले होते आणि मी त्यांच्यापुढे टिपॉयवर बसलो होतो.

आसाराम दारात आले. त्यांनी मला पाहिले.

"या भावजी, चहा घ्या," मालनबाई म्हणाली.

पाहुण्यांपुढची वस्तू उचलून नेली तर मुलीचे जमता जमता मोडायचे, असे त्यांना वाटले. "मागनं येतो," म्हणून ते परतले. मी टोपण घट्ट लावून गप्प बसलो होतो. माझ्या पोटात वाफाळता चहा होता.

पुढचे मला आसारामांनीच सांगितले. मला धुताना ते माझ्याशी बोलतात. त्यांनी चहा किटलीत भरला, किटली टॉवेलात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर धरून नेली. झुंबरबाईंनी कप तोंडाला लावला. फुंकर घातली नाही.

"गार झाला का गं?"

"आसूं द्या. मला सवय हाय. मालनच्या पोरीचं जमलं का?"

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता बघण्याच्या कार्यक्रमाला कोणी मला मागायला आले, तर आसाराम एवढेच म्हणतात, "पाव्हन्यांला पातेल्यातला चालतो." पण गावातले कोणी दवाखान्यात असले, की ते न मागता मला भरून घेऊन जातात. माझा एक कान तुटला आहे, बूच सैल झाले आहे, तरी मी वाटेत चहा गार होऊ देत नाही. तेवढेच माझ्या हातात उरले आहे.

मित्रांनो, माझी निगा राखली नाहीत तरी चालेल. पण जे ज्याच्यासाठी आणले, ते त्याच्याजवळच राहू द्या. आणि तुमच्या घरात सगळ्यांना चहा देऊन शेवटी पिणारे जे माणूस असेल, त्याला उद्या पहिला कप द्या. फुंकर घालावी लागेल, इतका कढत.