शिट्टी वाजलीच होती

"हरलो" हा शब्द त्या संध्याकाळी वाघोलीच्या कॉलेजात कुणी उच्चारला असता तर त्याची धडगत नव्हती. आपण हरलोच नव्हतो मुळी, आपल्याला हरवलं होतं! आणि तेही समोरच्या संघानं नाही. ती पोरं बिचारी धापा टाकत होती. हरवलं ते काळ्या शर्टातल्या त्या रेफरीनं, सुदर्शन निगडेनं. तनुजाला विचाराल तर ती हे देवावर हात ठेवून सांगायला तयार होती.

तनुजा वडके राहायची कसबा पेठेत आणि शिकायची वाघोलीला. रोज बसमध्ये लोंबकळत जायची, पण कुरकुर नाही. कळायला लागल्यापासून गणपतीत ढोल वाजवणारी ही पोरगी. कॉलेजात गेल्या गेल्या तिनं पथक उभं केलं आणि फुटबॉलच्या संघामागे लावून दिलं. संघ जिथं खेळेल तिथं ढोल, ताशे, झेंडा आणि सगळ्यांच्या पुढे तनुजा. आपला संघ ढोलाच्या जोरावर अंतिम सामन्यापर्यंत पोचला असं ती म्हणायची. खेळाडूंचं मत वेगळं होतं, पण तिच्या तोंडावर ते बोलायची कुणाची टाप नव्हती.

अंतिम सामना झाला शहरातल्या एका जुन्या कॉलेजच्या मैदानावर. प्रतिस्पर्धीही तेच. शेवटपर्यंत बरोबरी. वेळ संपत आलेली, चेंडू आपल्या गोलच्या पुढ्यात, आणि त्यांच्या एका धिप्पाड गड्यानं आपल्या रविराजला मागून ढकललं. शिट्टी वाजली. फाउल मिळाला म्हणून रविराज थांबला, खाली वाकला, चेंडू हातात उचलला. आणि निगडेनं बोट दाखवलं ते पेनल्टीच्या खुणेकडे! म्हणे खेळ चालूच होता, हा सरळसरळ हँडबॉल.

"सर, शिट्टी मारली की तुम्ही!" रविराज ओरडला.

"मी मारलेली नाही."

रविराजनं त्याची कॉलर धरली. मग लाल कार्ड, पेनल्टी, गोल, संपलं. करंडक त्यांच्याकडे गेला आणि आपण ढोल टेंपोत चढवले.

त्यानंतर कॉलेजच्या ग्रुपवर जे काही सुरू झालं, विचारू नका. निगडेचा भाचा त्याच कॉलेजात शिकतो म्हणे. त्याचे बूट त्यांनीच दिलेत म्हणे. सामन्याआधी तो त्यांच्या कोचबरोबर चहा पीत होता, हा बघा फोटो! पुण्यात दोन माणसं चहा न पिता एकत्र उभी दिसली तर खरा संशय घ्यावा, पण तेव्हा एवढं डोकं कुणाचं ठिकाणावर होतं? तनुजानं तर तो फोटो स्वतः लाल गोल काढून पुढे ढकलला. आणि मग कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ आला. शिट्टी वाजलीच होती! स्वच्छ, खणखणीत, रविराज वाकायच्या आधी.

"मेल्यानं आधी वाजवली आणि मग गिळली," तनुजा म्हणाली. समर्थकांचा म्होरक्या सार्थक यानं सोमवारच्या चौकशीत हीच क्लिप दाखवायची असं जाहीर करून टाकलं.

चौकशी रविराजची होती. आणि तिथं गंमत नव्हती. शिट्टी वाजलीच नाही असं ठरलं, तर त्यानं मुद्दाम हात लावला, वर खोटं बोलला आणि वर रेफरीवर धावून गेला. त्याला पूर्ण हंगाम बंदी. पोरगं शेवटच्या वर्षाला. पुढच्या वर्षी तो नगर रोडवरच्या वडिलांच्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानात बसणार, हे ठरलेलं.

"एवढं वरीस खेळू द्या, मग हायेच की दुकान जन्माला," तो तनुजाला म्हणाला होता. पण त्याला बंदीपेक्षा दुसरंच लागलं होतं. त्याचे वडील ज्ञानदेव मॅच बघायला आले होते, चार गिऱ्हाइकांना सोबत घेऊन, पोरगं दाखवायला. त्यांनी चेंडू पोराच्या हातात बघितला, कॉलर धरलेली बघितली, आणि घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, "हरला असतास तर चाललं असतं, खोटं कशापायी बोललास?" त्यानंतर बोलणं बंद. दुकानात चार लोकांत मान खाली गेली, असं ते रविराजच्या आईला म्हणाले. रविराजला हे सांगतानाही रडू येत होतं. तनुजाचा जीव तुटला. त्या निगडेला ती सोडणार नव्हती.

रविवारी दुपारी ती गच्चीवर कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघत बसली. चौकशीत नेमका कुठून सुरू करायचा, कुठं थांबवायचा, हे ठरवायचं होतं. शिट्टी वाजते. रविराज वाकतो. पुन्हा. शिट्टी वाजते. रविराज वाकतो. आणि कितव्यांदा तरी ऐकताना तिनं व्हिडिओ थांबवला.

शिट्टीनंतर ढोलाचा हात बदलत होता.

पथकात वाजवण्याच्या प्रकाराला हात म्हणतात. पहिला हात चालू असतो, पथकप्रमुख शिट्टी मारतो, आणि सगळे ढोल दुसऱ्या हातावर जातात. वादकाला त्यात विचार करावा लागत नाही, कान ऐकतात आणि हातातलं टिपरू फिरतं. व्हिडिओत तेच होत होतं. शिट्टी, आणि लगेच सगळा ताफा एका दमात दुसऱ्या हातावर. रेफरीच्या शिट्टीनं पथक कधी हात बदलत नाही. सबंध सामनाभर निगडेनं एवढ्या शिट्ट्या मारल्या, एकदाही बदलला नव्हता. पोरं ओळखतात आपली शिट्टी कुठली. पथकाची शिट्टी ओळखतात. तनुजाची शिट्टी ओळखतात.

मैदानावर शिट्टी वाजवू नका, असं आयोजकांनी आधीच बजावलं होतं. तिनं कबूलही केलं होतं, हातवाऱ्यांवर भागवलंही होतं. पण शेवटच्या त्या धुमश्चक्रीत गळ्यातली शिट्टी तोंडात कधी गेली, तिला आठवेचना. वाजवणाऱ्यांनाही आठवत नसणार. सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते, हात आपले आपण बदलले होते. तिला इतकी लाज वाटली की तिनं उगीचच मोबाइल उपडा ठेवला.

मग ती शिक्षा शोधायला लागली. प्रेक्षकानं शिट्टी वाजवली तर काय करतात? फुटबॉलचे नियम चाळताना तिला ते सापडलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. बाहेरच्या शिट्टीला फसून खेळाडूनं चेंडू उचलला आणि रेफरीला ते जाणवलं, तर पेनल्टी नाही! खेळ थांबवायचा, चेंडू टाकून पुन्हा सुरू करायचा. म्हणजे चूक तिची होतीच, पण पेनल्टीही चुकीचीच होती!

तिनं सार्थकला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सिंपल आहे. क्लिप शिट्टीनंतर कट करू. वाजली, रविराज वाकला, बास."

"आणि ढोल?"

"ढोल ऐकत कोण बसलंय, यार?"

"मी बसलेय!"

"तनुजा, डोकं चालव. रविराज सुटतोय, निगडे अडकतोय, सगळे खूश. खरं सांगितलंस तर अख्खं कॉलेज तुझ्या नावानं खडे फोडेल. फायनल तू घालवलीस म्हणतील."

खोटं कशाला सांगा, तिला तो सल्ला क्षणभर गोडच वाटला. निगडे काही तिचा काका लागत नव्हता. पण क्लिप कापायची म्हणजे रविराजच्या खऱ्या बोलण्याला खोट्याचा टेकू द्यायचा. उद्या ते उघडं पडलं की ज्ञानदेवकाका म्हणणार, बघा, मी म्हटलंच होतं. शिवाय तिच्या पथकाचं वादन कापणारा हा कोण टिकोजीराव?

"कापायचं नाही," ती म्हणाली. "पूर्ण दाखवायचं. आणि दाखवणार मी."

सोमवारी जिमखान्याच्या ऑफिसात स्पर्धेचे अध्यक्ष बापूराव खुर्चीत रेलून बसले होते. बाजूला निगडे, समोर रविराज, दारापाशी सार्थक. खिडकीतून फाटकावरच्या पोरांचा "रेफरी चोर है" असा गजर ऐकू येत होता. तनुजानं व्हिडिओ शेवटपर्यंत लावला, शिट्टीही ऐकवली आणि ढोलही ऐकवले.

"ही शिट्टी माझी आहे," ती म्हणाली. "चुकून वाजली. पण वाजली. रविराज खोटं बोललेला नाही."

सार्थकनं कपाळावर हात मारला. रविराज तिच्याकडे बघतच राहिला. बापूरावांचा चेहरा मात्र उजळला.

"झालं तर मग! म्हणजे आमचे रेफरी धुतल्या तांदळासारखे. तुमच्या पथकाला वर्षभर मैदानबंदी. आता या आपण."

"येते, पण माझं संपलेलं नाही." तनुजाचा आवाज चढला. "बंदी घाला, मला मान्य आहे. पण बाहेरच्या शिट्टीला फसून खेळाडूनं चेंडू उचलला तर खेळ थांबवायचा असतो. पेनल्टी द्यायची नसते. नियम आपल्याला माहीत असेलच."

"रेफरीला शिट्टी ऐकू आली असेल तर!"

"म्हणून तर विचारतेय. सर, ऐकू आली होती का तुम्हाला?"

"निगडे, उत्तर द्यायची काही गरज नाही," बापूराव म्हणाले. "आणि तुम्ही हो, रेफरीला जाब विचारणाऱ्या कोण?"

"जिनं शिट्टी वाजवली ती! मी माझी चूक इथं उभी राहून सांगितली. आता त्यांनी बसून सांगितली तरी चालेल."

निगडे बसला नाही. तो उठला. जवळून बघितलं तर चांगला पन्नाशीचा माणूस होता, शाळेत पीटी शिकवणारा, आणि त्याचे बूट कुणी फुकट दिले असावेत असे अजिबात दिसत नव्हते.

"ऐकू आली होती," तो म्हणाला. "माझी नाही, हेही कळलं होतं. पण याच्या हातात चेंडू दिसला, अख्खं मैदान पेनल्टी म्हणून ओरडलं, आणि माझा हात तिकडे गेला. चुकलं माझं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" तनुजानं विचारलं.

"तुम्ही सगळे चोर म्हणत होता. चोर म्हणणाऱ्यांपुढे चुकलो म्हणायला जीभ रेटली नाही."

तनुजाला चहाचा तो फोटो आठवला. तो लाल गोल तिनंच काढला होता. रविराज मात्र खुर्ची सारून उभा राहिला.

"सर, कॉलर धरली ती माझी चूक. तिची काय शिक्षा असंल ती द्या. पर खोटं न्हाई बोललो मी."

बापूरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. निकाल बदलत नसतो, करंडक परत मिळणार नाही, असं त्यांनी आधी ठणकावून सांगितलं. मग कॉलरबद्दल रविराजला पुढचे दोन सामने बाहेर बसवलं, आणि हंगामाच्या बंदीचा विषय तिथंच संपवला. पथकाची मैदानबंदी मात्र कायम राहिली.

निगडे स्कूटर काढून फाटकाशी आला तशी पोरांनी त्याला गराडा घातला. तनुजा धावत जाऊन स्कूटरच्या पुढे उभी राहिली.

"बाजूला व्हा! शिट्टी मी वाजवली होती!"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तुझ्यामुळे हरलो?"

"हो, माझ्यामुळे. थोडं यांच्यामुळे, ते त्यांनी आत कबूल केलंय. आणि मोकळा गोल समोर असताना चेंडू झाडावर मारणाऱ्या तुमच्या लाडक्या स्ट्रायकरमुळे, तो इथंच उभा आहे. बोंबलायचंय ना? बोंबला. पण यांच्या नावानं नाही, माझ्या नावानं. तनुजा वडके. नीट घ्या नाव!"

आणि त्यांनी घेतलं की! अशी हुर्यो उडवली, की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. तिच्याच पथकातली पोरं त्यात होती, ते तिला फार लागलं. निगडे तेवढ्यात निघून गेला. तनुजा मात्र हलली नाही, मान ताठ ठेवून उभी राहिली.

रविराजनं मोटारसायकल तिच्याजवळ आणली. त्याचा चेहरा काही हसरा नव्हता.

"करंडक तुझ्यापायी गेला," तो म्हणाला.

"हो."

"बस मागं. दुकानात जाऊन आबांस्नी सांग. तुझ्या तोंडानं."

दुकानात गर्दी होती. ज्ञानदेवकाका सळयांचं माप सांगत होते. मॅचला आलेली त्यांची दोन-तीन गिऱ्हाइकंही तिथंच होती. रविराज दारातच थांबला. तनुजा सरळ काउंटरपाशी गेली.

"काका, मॅचमध्ये शिट्टी वाजली होती. मीच वाजवली होती. रेफरीनंही आज सगळ्यांसमोर मान्य केलं. रविराज खोटं बोलला नाही."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग दारातल्या पोराकडे बघितलं. त्यांनी हातातला टेप काउंटरवर टाकला आणि गिऱ्हाइकांकडे वळले.

"ऐकलं का? काय म्हणती पोरगी?" कुणी काही बोलायच्या आत ते तनुजाला म्हणाले, "पुन्हा सांग, बाय. मोठ्यांदा सांग. ही माणसं त्या दिवशी मैदानात माझ्याबरोबर व्हती."

तनुजानं पुन्हा सांगितलं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.