झबले झालेली शीट

मी एक जुने ट्रेसिंगचे कापड आहे. माझ्याकडे पाहून आज हे कोणाला पटायचे नाही. इवल्याशा दोन बाह्या, अंगभर उसवून पुन्हा घातलेल्या शिवणी आणि मधोमध शाईचा काळा डाग, असे माझे ध्यान आहे. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावर एक अख्खा तलाव होता, आणि तो तलाव बन्सीने काढला होता.

माझा जन्म लांबच्या एका गिरणीत झाला. अगदी बारीक सुताचे मला विणले, खळीत बुडवले, गरम रुळांतून काढले आणि पुन्हा खळीत बुडवले. शेवटी मी निळसर, कडक आणि आरपार दिसणारे झाले. माझ्याखाली पेन्सिलीने काढलेला नकाशा ठेवला, की त्याची प्रत्येक रेघ वर दिसायची. तिच्यावरून माझ्यावर शाईची रेघ ओढायची, म्हणजे ट्रेसिंग झाले. मग माझ्यावरून नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती निघत. मोठमोठी धरणेसुद्धा आधी माझ्या भाऊबंदांवर उभी राहत आणि मग जमिनीवर. त्यामुळे आम्हा कापडांना थोडा ताठा होता, हे मी नाकारत नाही.

मला वावडे होते ते फक्त पाण्याचे. घामाचा एक थेंब पडला तरी अंगावर पांढरा डाग उमटे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी नगरला आले, तेव्हा सारा जिल्हा पाण्यासाठी जीव टाकत होता. विहिरींनी तळ गाठला होता, माणसे हंडे घेऊन टँकरमागे धावत होती. अशा वेळी पाण्याला भिणारे अवघ्या मुलखात बहुधा मी एकटेच असेन.

नगरमध्ये एका दगडी इमारतीत आरेखनाचा, म्हणजे नकाशे काढायला शिकवणारा वर्ग चाले. काकासाहेब हे तिथले शिक्षक. मोठे कडक, पण जीव लावून शिकवणारे. "रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही. सोडायचाच असेल तर व्हरांड्यात जाऊन सोडा," असे ते म्हणत, आणि मुले खरोखरच श्वास धरत.

गावोगाव दुष्काळी कामांवर पाझर तलाव निघत होते. त्यांच्या नकाशांसाठी पाटबंधारे खात्याला ट्रेसर हवे होते. काकासाहेबांनी वर्गाला सांगून टाकले, की सोमवारी ज्याची शीट, म्हणजे ट्रेस केलेला नकाशा, पास होईल त्याचेच नाव खात्याला कळवले जाईल, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावे. कापडाचा रोल संपत आला होता, म्हणून प्रत्येकाला एकच तुकडा मिळाला. बन्सीच्या वाट्याला मी आले.

बन्सी बेलापूरचा. वडील लहानपणीच गेलेले, आई शेतमजुरी करून त्याला शिकवत होती. त्याच्या घरात आजवर कोणी कागदावर रेघ मारून पोट भरले नव्हते. त्याने मला पाटावर पिनांनी ताणून बसवले, शाई नीट धरावी म्हणून माझ्या अंगावर खडूची पूड हलक्या हाताने चोळली आणि घाम माझ्यावर पडू नये म्हणून मनगटाला फडके बांधले. रेघांच्या पेनाला दोन पाती असतात. त्यांच्यामध्ये शाई भरायची, बारीक स्क्रूने रेघेची जाडी ठरवायची आणि पेन उभे धरून एका दमात ओढायचे. जरा हात थबकला, की शाईचा ठिपका पडलाच. बन्सीचा हात थबकला नाही. त्याने आधी बांध काढला, मग जादा पाणी जायचा सांडवा, मग जमिनीच्या चढउताराच्या केसासारख्या बारीक रेघा. किती जपून काम करत होता तो! माझ्यावर माशी बसली तरी तिला हाताने न हाकलता फुंकर घालायचा.

काकासाहेबांनी मला खिडकीपुढे उजेडात धरले. बराच वेळ पाहिले. मग एवढेच म्हणाले, "बन्सी, हात बसला तुझा." मित्रांनो, बन्सीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस.

कोपऱ्यातली थोडी अक्षरे लिहायची राहिली होती. पण रविवारी त्याच्या बहिणीच्या, चांगुणाच्या बाळाचे नाव ठेवायचे होते. म्हणून शनिवारी बन्सीने मला गुंडाळून काखेत घेतले आणि तो गाडीने बेलापूरला निघाला. अक्षरे घरीच लिहू, असे त्याने ठरवले होते.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आपण नगरला काय शिकतो, हे बन्सीने आईला कधी दाखवले नव्हते. तिने विचारलेच, तर "नकाशाचं काम हाय, तुला न्हाई कळायचं," म्हणून हसायचा. त्याच्या मनात वाईट काही नसे. त्याची आई, भागिरथीबाई, तरुणपणी बेलापूरला कालव्याच्या बंगल्यावर पाणी भरायची. तिथे बिघडलेली ट्रेसिंगची कापडे टाकून देत, आणि बायका ती मागून नेत. गरम पाण्यात भिजत घालून चोळले, की खळ आणि शाई दोन्ही निघून जात आणि आत मलमलीसारखे मऊ सूत उरे. साहेबांच्या घरचे रुमालसुद्धा असेच व्हायचे. खुद्द बन्सी तान्हेपणी असल्याच झबल्यात वाढला होता. तिच्या लेखी ट्रेसिंगचे कापड म्हणजे बाळाचे कापड.

बन्सी घरी आला तेव्हा चांगुणा बाळाला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. पहिले झबले मामाने आणायचे, ही रीत. बन्सीला ते सुचलेही नव्हते, आणि सुचले असते तरी खिसा रिकामा होता.

"काय रं बन्सी," चांगुणा म्हणाली, "मामा झालास आन हात हालवीत आलास व्हय?"

"हात हालवीत कशाला यील? आनलंय की मामानं!" बन्सीने मला फळीवर ठेवत थट्टेने म्हटले. "बघ हितं वर."

एवढे बोलून तो हसत हसत बाहेर पडला. पुणतांब्याहून दाजींना आणायचे होते आणि गाडीची वेळ झाली होती. थट्टेतले शब्द थट्टेतच विरतील, असे त्याला वाटले असावे.

पण भागिरथीबाईने ते चुलीपुढून ऐकले होते. तिने मला खाली काढले, उलगडले आणि तिचा चेहरा उजळला.

"आगं बया! पोरानं ट्रेशिंगचं कापड आनलं. कसं ध्यानात ठिवलं बघ यानं!"

"आई, पर यावर रेघा हायेत की गं," चांगुणा म्हणाली.

"टाकून दिल्याल्यावर रेघा असायच्याच. पान्यात घातलं की जात्यात."

बाळाच्या अंघोळीचे पाणी तिने भांडी घासायला घमेल्यात राखून ठेवले होते. त्या उन्हाळ्यात पाणी एकदा वापरून फेकून देणारे घर नव्हते. ते तिने पुन्हा गरम केले आणि मला त्यात बुडवले. मला ओरडता आले असते तर मी सारी आळी गोळा केली असती. आधी बारीक रेघा सुटल्या, मग सांडवा गेला, मग बांध. तालुक्यात कुठल्याच तलावात थेंब नव्हता, आणि माझा तलाव मात्र पाण्याने वाहून गेला. भागिरथीबाई मला चोळत होती आणि गुणगुणत होती. तिच्या हातात इतकी माया होती की मला तिचा रागही करता येईना.

दुपारच्या उन्हात मी वाळले. तिने मला कापले, बारीक टाके घालून शिवले आणि संध्याकाळच्या आत बाळाच्या अंगात घातले.

बन्सी दाजींना घेऊन आला. घरात सगळे खुशीत होते. "मामानं लई झाक आनलं," असे शेजारच्या बायका म्हणत होत्या. बन्सीने आधी फळीकडे पाहिले. मग बाळाकडे. माझ्या पाठीवर बांधाची एक फिकट सावली तेवढी उरली होती, आणि ती त्याने ओळखली. त्याचे ओठ हलले, पण दाजी समोर होते, आई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि ते बाळ पाय झाडत होते.

"शोभतंय का रं?" आईने विचारले.

"शोभतंय," बन्सी म्हणाला. त्याने बाळाला उचलून घेतले आणि तोंड माझ्यात लपवले. मी ओले झाले. का, ते फक्त मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी बुद्धाच्या तसबिरीपुढे बाळाचे नाव ठेवले. पुढे बाळ जरा बाळसे धरल्यावर चांगुणा सासरी निघाली, तेव्हा मीही तिच्याबरोबर पुणतांब्याला गेले. नगरला काय झाले ते मला कळायला मार्ग नव्हता. ते मी भागिरथीबाईच्याच तोंडून ऐकले. एके दिवशी ती भर उन्हात, कोणतेही निमित्त नसताना, लेकीच्या दारात येऊन उभी राहिली.

"चांगुणा, ते झबलं दे माजं मला," ती म्हणाली.

चांगुणाची सासू ओसरीवरच होती. "दिल्यालं माघारी न्यायाची नवी रीत हाय का इहीनबाई तुमच्याकडं?" असे ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. भागिरथीबाईने मान खाली घातली, पण हात मागे घेतला नाही. मग आत येऊन तिने लेकीला सगळे सांगितले.

बन्सीच्या वर्गातला छगन आता ट्रेसर झाला होता. दुष्काळी कामाच्या मापांसाठी तो बेलापूरला आला, तेव्हा खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत त्याला बन्सी दिसला. आपण कुठे जातो हे बन्सीने आईपासून लपवले नव्हते. पुढच्या वर्षापर्यंत थांबायला घरात दाणा नाही, एवढेच तो म्हणाला होता; शीटचे काही सांगितले नव्हते. पण छगन पाणी प्यायला घरी आला आणि बोलून गेला, "मावशी, वर्गात बन्सीसारखा हात कुनाचाच नव्हता. शीट कुठं गेली कुनास ठाऊक. सरांना नुसतं खराब झाली म्हनला. त्या निळ्या कापडावर कसला तलाव काढला हुता त्यानं!"

"निळं कापड," भागिरथीबाई लेकीकडे बघत म्हणाली. चांगुणाने मला तिच्या हातात दिले.

घरी आल्यावर तिने माझे टाके उसवले. एकेक तुकडा जुळवून मला पुन्हा चौकोनी शिवले. पावसाळ्यात उपयोगी पडतील म्हणून राखलेले मूठभर तांदूळ तिने शिजवले आणि त्यांची खळ केली. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या घरातले ते तांदूळ होते. तिने मला त्या खळीत बुडवले, वाळवले, निखारे भरलेल्या तांब्याने घोटून घोटून कडक केले. बन्सी कामावरून आला तेव्हा ऊन अजून होते. तिने मला पाटावर पसरून त्याच्यापुढे ठेवले.

"घे," ती म्हणाली. "व्हतं तसं कडक केलंय. आता काढ तुजा तलाव."

बन्सीने हात पुसले. मग खाली बसला. त्याने फळीवरून पेन काढले, शाई भरली. त्याची बोटे खडीने फुटली होती, नखांत रक्त साकळले होते, आणि ते नाजूक पेन त्यांत नीट बसेना. तरी त्याने श्वास धरला आणि माझ्यावर रेघ ओढली.

मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. अंगातला धागा न् धागा आवळून धरला. पण गिरणीची खळ वेगळी आणि चुलीवरची वेगळी. शाई माझ्या सुतात शिरली आणि चहूकडे फुटत गेली. बन्सीने चटकन तिच्यावर तळहात ठेवला.

"बसली का रं रेघ?" आईने विचारले.

"बसली, आई. झाक बसली."

भागिरथीबाईला लिहिता-वाचता येत नव्हते, पण कापडावरचा डाग तिला न कळणे शक्य नव्हते. तिने त्याचा हात हळूच उचलला. खाली पाहिले, त्याच्या फुटलेल्या बोटांकडे पाहिले, आणि तो हात आपल्या पदरात धरून बसली.

"मला एकडाव दावायचं हुतंस, बन्सी," ती म्हणाली. "कळलं नसतं मला कायबी. पर मी हात लावला नसता."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी पुन्हा खडी फोडायला गेला. वर्गाची वाट त्याने परत धरली नाही. भागिरथीबाईने माझे पुन्हा झबले शिवले, कारण दिलेली वस्तू लेकीला परत पोचवायला हवी होती. पण चांगुणाने ते बाळाला कधी घातले नाही. तेव्हापासून मी तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून आहे.

तुम्ही माझ्यासाठी हळहळू नका. मला जपा, असेही मी म्हणत नाही, आता माझ्यात जपण्यासारखे फारसे उरलेले नाही. मागणे एवढेच आहे, की तुम्ही जे काही शिकत असाल, नकाशा असो, गणित असो की आणखी काही, ते आज घरी गेल्यावर तुमच्या आईपुढे उलगडून ठेवा. तिला कळणार नाही, असे तुम्ही परस्पर ठरवू नका. तिने नुसते पाहिले, तरी पुरे.