बिरोबाची झील

कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे आणि धृपद उचलायचे, एवढीच माझी पांडुरंगाची सेवा. ती सरकारी कामात उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते.

निजाम सरकारची खानेसुमारी, म्हणजे माणसांची मोजणी, चालू होती. जमातींची माहितीही मागवली होती. मी चकलांब्याचा मास्तर; शिवारात मेंढरांसह उतरलेला धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा तळ, माझ्या वाट्याला आला.

"तिथं जाऊन काय इचारता?" पाटील बंकटराव म्हणाले. "लिवा, फिरती चोरटी जात. झालं काम!"

मी लिहिले नाही. पण दुसरे काही हाती लागले नसते, तर पाटलांचेच म्हणणे बीडच्या कचेरीत गेले असते. मग त्या माणसांना कोणत्या गावाने शिवारात उतरू दिले असते?

वाड्यावर जाऊन मी उभ्या उभ्याच विचारू लागलो. कूळ कोणते? सोयरीक कुठे करता?

"कावून पायजे?" वाड्याची कारभारीण रतनबाई म्हणाली. "तुमाला पोरगी बगायचीय का?"

सगळे खदखदा हसले. पुढे एक अक्षर कोणी बोलेना.

मी निघालो, तेवढ्यात रतनबाईच्या लेकाने, सिदूने, बिरोबापुढे ढोल घेतला. ओवीचा एक चरण गायला आणि थांबला. चरणाचा शेवट उचलणारा, म्हणजे झील धरणारा म्हाळू तापाने पडला होता, आणि झिलीवाचून ओवी पुढे न्यायची नाही असा त्यांचा रिवाज. मला राहवले नाही. कागद पिशवीत कोंबले, सिदूच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि शेवट उचलला.

सिदूने वळून पाहिले. मग ढोल काय घुमला म्हणता!

वाडवडील कुठून आले, दुष्काळात कोणत्या गावाने पाणी दिले, कुणाच्या लेकी आणल्या, सगळे त्या ओवीत होते. मला विचारायला सुचले नसते तेही होते. झील धरणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारता येत नाही. कान देऊन ऐकले तरच पुढचा शेवट उचलता येतो.

ओवी संपली आणि सवयीने माझ्या तोंडून निघाले, "पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!"

"आवं मास्तर, ह्यो बिरुबा हाय!" रतनबाईने तोंडाला पदर लावला.

"असू दे की आई," सिदू म्हणाला. "त्येलाबी बरं वाटलं आसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घोंगडीवर बसून सगळे लिहिलेले वाचून दाखवले. रतनबाईने चुका सांगितल्या. देवाच्या मूळ ठाण्याचे नाव आले तसा तिने हात वर केला. "एवढं आमच्यातच राहू द्या."

मी ती ओळ तिच्यादेखत खोडली.

"आन् पाटील म्हनत्यात ते?" सिदूने हळूच विचारले.

"ते नाही लिहिलं. तुम्ही सांगितलंत तेच बीडला जाणार."

रतनबाईने दुधाचा गडवा माझ्यापुढे सरकवला.

"म्हाळू बरा हुईस्तवर येत जावा. झील लई ब्येस धरता. निस्ता द्येव चुकवू नका."

रोज गेलो. आता बुवांच्या मागे टाळ घेतला, की विठ्ठलाच्या आधी मनात, कान द्यायला शिकवणाऱ्या त्या मायलेकरांना हात जोडतो.