मूठभर गव्हाचं कॉलेज

आमचं गढ्याचं कॉलेज सरकारने काढलं नाही, कुण्या संस्थानिकानेही नाही. ते जबलपुरातल्या मराठी बायकांच्या स्वयंपाकघरांतून उभं राहिलं, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. रोज सकाळी रांधायला घेण्याआधी एक मूठ धान्य कॉलेजच्या डब्यात टाकायचं. महिनाअखेरीस संस्थेची गाडी येऊन डबे रिकामे करायची. त्या धान्याच्या विक्रीतून मास्तरांचे पगार व्हायचे आणि आमच्या ह्यांची प्रयोगशाळाही चालायची.

हे म्हणजे प्रोफेसर अच्युतराव. गव्हावर पडणाऱ्या तांबेरा रोगाने ह्यांना वेड लावलं होतं. आमच्याकडे हवेलीची शेती. पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी कोंडायचं, मग ते सोडून देऊन त्या ओलीवर गहू पेरायचा. अशा शेतात सरकारी बियाण्यावर तांबेरा जास्त पडतो, असा ह्यांचा संशय होता. तो पक्का करायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा होता. होता तो इतका जुना, की त्यातून पाहून पाहून ह्यांचे डोळे लाल व्हायचे.

छत्तीस साली बातमी आली, शेतकी खात्याने ह्यांच्या संशोधनाला अनुदान मंजूर केलं. संस्थेचे चिटणीस बाबाराव इतके हरखले, की कागद हाती पडायच्या आधीच घरोघर सांगत सुटले.

"बंद करा ते डबे! आता काहून भीक मागायची? सरकार देऊन राहिलं ना!"

भीक हा शब्द मला झोंबला. पण ह्यांनी नव्या सूक्ष्मदर्शकासाठी टेबल पुसूनसुद्धा ठेवलं होतं. मी जीभ आवरली, जे मला सहसा जमत नाही.

मग कागद आला. त्यात अट होती: निष्कर्ष आधी खात्याला दाखवायचे आणि खात्याच्या परवानगीशिवाय छापायचे नाहीत.

ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. "अनसूया," एकदा म्हणाले, "सही केली तर सगळं दिसेल, पण सांगता येणार नाही. नाही केली तर बहुतेक दिसणारच नाही." मला ह्यांची दया आली आणि त्या अट लिहिणाऱ्याचा भयंकर राग आला.

बाबारावांच्या ओसरीवर सभा भरली. आम्ही बायका दाराआड उभ्या होतो. हे उठले आणि म्हणाले, "मी सही करणार नाही. जे आढळेल ते शेतकऱ्याला पेरणीआधी कळलं पाहिजे, खात्याच्या सोयीने नाही."

बाबारावांनी कपाळाला हात लावला. "अन् कॉलेज कशावर चालवता, प्रोफेसरसाहेब? डबे तर मी बंद करून बसलो!"

तेवढ्यात त्यांची बायको राधाबाई सरळ सभेत गेली. तिच्या हातात पितळी डबा होता. तो तिने नवऱ्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. डबा गव्हाने काठोकाठ भरलेला होता.

"तुम्ही बंद करा म्हटलं," ती म्हणाली, "पण सकाळी हात आपोआप डब्याकडे जाते. मी काय करू?"

"माझाही भरलाय!" मी दाराआडून ओरडले. "माझाही," शेजारची शरयू म्हणाली. मग कोण कोण बोललं ते त्या गलक्यात कळलंच नाही.

बाबाराव हसता हसता डोळे पुसायला लागले. "अच्छा! म्हणजे माझं कोणीच ऐकून नाही राहिलं तर! चलो, लिहा सरकारला, नको म्हणून."

त्या दिवशी मला आपल्या माणसांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.

हे जुन्याच सूक्ष्मदर्शकावर राबले. चष्मा लागला, पण संशय खरा ठरला. पेरणीआधी पत्रक छापून निघालं आणि जवळच्या महाराजपूरच्या शेतकऱ्यांनी ते पारावर बसून वाचून घेतलं.

पुढे एका सकाळी शेतकी खात्याचे अधिकारी दिवाकरराव टांग्यातून आमच्या दारी उतरले. त्यांना पत्रकाची प्रत हवी होती. किंमत काय, त्यांनी विचारलं.

"किंमत नाही जी," मी म्हणाले. "घरच्या गव्हाची एक मूठ ह्या डब्यात टाकायची, बस."

वाटलं, आता साहेब रागावणार. ते तसेच टांग्यात बसून निघून गेले. संध्याकाळी परत आले ते रुमालात गहू बांधून, आणि आपल्या हाताने ते डब्यात ओतले.

आमच्या कॉलेजने सरकारकडून घेतलं ते एवढंच, आणि त्याला कुठलीही अट नव्हती.